घाटाखालचे बंदर

मे महिना उलटत आला की मुरबाडच्या बाजारात खारा वास भरून राहतो. बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या, मांदेली यांचे ढीग गोणपाटावर पसरलेले असतात आणि वाड्या-पाड्यांवरून आलेल्या बाया मूठभर उचलून, हुंगून, चुरून भाव पाडत असतात. आगोटीची बेगमी चाललेली असते. एकदा मृग बसला, ओढे भरले, वाटा तुटल्या की चार महिने चुलीवर काय शिजणार याचा निकाल याच पंधरवड्यात लागतो. मीठ, मिरची, कांदे आणि सुकी मासळी. ही मासळी वसई, अर्नाळा, उत्तन, सातपाटी अशा किनाऱ्यांवर वाळलेली. विकत घेणारी ठाकर किंवा कातकरी बाई सह्याद्रीच्या पायथ्याची. तिच्या वाडीवरून समुद्र दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही, तरी तिच्या पावसाळ्याचा स्वयंपाक समुद्राने ठरवलेला असतो. याचे नवल मात्र बाजारात कुणालाच वाटत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हे न वाटणारे नवल आहे.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची बाहेरची ओळख ठरलेली आहे. डोंगराळ, आदिवासी, मागास, आणि पावसाळ्यात माळशेजचे धबधबे. मुंबईकर मंडळींना हे मुंबईपासून दूर राहिलेले, म्हणून जुने सण आणि जुने नाच टिकवून धरलेले मुलूख वाटतात. प्रस्तुत व्याख्यात्याला हे चित्र उलटे वाटते. हा प्रदेश कधीच आडबाजूला नव्हता. निदान दोन हजार वर्षे तो एका बंदराचे परसू आहे. बंदराचे नाव बदलत गेले, आधी कल्याण, मग मुंबई, परंतु घाटावरून उतरणारे आणि बंदरातून चढणारे सारे याच अंगणातून गेले. इथल्या जत्रा, बाजार, देव आणि खाणेपिणे त्या ये-जा करणाऱ्यांच्या पायरवाने घडले.

कल्याणची साक्ष जुनी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात ‘कल्लिएना’ हे नाव येते. थोरल्या सारगनाच्या काळात ते कायदेशीर व्यापारपेठ होते. पुढे संदनेसाच्या ताब्यात गेल्यावर तिथे लागलेल्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेले जाई, असे लेखक नोंदवतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात एका बंदराची कशी कोंडी झाली याचा हा बहुधा सर्वात जुना वृत्तान्त. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापारी-कारागिरांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. सहाव्या शतकातला कॉस्मस हा प्रवासी-साधू कल्याणहून तांबे-पितळ, शिसवीसारखे लाकूड आणि कापड बाहेर जाते असे सांगतो, आणि तिथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप असतो असेही. उल्हासच्या खाडीवर पंधराशे वर्षांपूर्वी ही असली सरमिसळ होती! आता त्यातल्या लाकडाचा विचार करावा. लाकूड खाडीत उगवत नाही. बंदराच्या मागे जंगल लागते, आणि कल्याणच्या मागचे जंगल म्हणजे माहुली, सिद्धगड, नाणेघाट यांच्या पायथ्याचे रान.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि लगेच दुर्गाडी किल्ल्याखाली गलबते बांधण्याचे काम निघाले. १६५९ च्या सुमारास रुय लैतांव व्हिएगश आणि त्याचा मुलगा फेर्नांव या पोर्तुगीज कारागिरांना त्यासाठी हाताशी धरले होते. मराठी आरमाराचा इतिहास बहुतेक वेळा सिंधुदुर्ग-विजयदुर्गाच्या तटांवरून सांगितला जातो. त्याची सुरुवात समुद्रापासून आत, खाडीच्या काठी, साग-शिसव मिळण्याच्या टप्प्यात झाली, हे त्या सांगण्यात निसटते.

बंदराला जंगलाइतकीच वाटही लागते. वाट होती नाणेघाटाची.

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून ही वाट चढते आणि जीवधनाच्या शेजारी घाटमाथ्यावर पोहोचते. पलीकडे चावंड, हडसर, शिवनेरी आणि जुन्नर. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. विल्यम साइक्सने तो १८२८ मध्ये पाहिला आणि पुढे भगवानलाल इंद्रजींनी त्यातल्या अंकांचा उलगडा केला. यज्ञ, गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण यांच्या दक्षिणांचे आकडे त्यात कोरले आहेत. २४,४०० ही त्यातली एक रक्कम. भारतात अंकचिन्हे आढळणाऱ्या अगदी जुन्या लेखांपैकी हा एक. शाळेच्या सहली तिथला दगडी रांजण पाहतात, जकातीची नाणी त्यात पडत असे ऐकतात आणि परततात. रांजणापेक्षा आकड्यांकडे अधिक पाहायला हवे. वाटसरूंच्या नजरेसमोर, भर रहदारीच्या खिंडीत, राजघराण्याने आपला दानधर्म संख्येने मोजून लावला आहे. वाचणारा हिशेबी माणूस असणार हे कोरवून घेणाऱ्यांना ठाऊक होते.

अशा वाटेच्या पायथ्याशी काय चालत असेल? घाट चढायचा तर पाठीवर ओझे घेणारा बैल हवा, कारण दगडी पायऱ्यांवर गाडी चालत नाही. पायथ्याला माल गाडीतून उतरवून गोणीत भरायचा, किंवा गोणीतून काढून गाडीत. बैलांना पाणी, माणसांना भाकरी, चोरापासून राखण, आणि रात्रीचा मुक्काम. लमाणांचे तांडे वरून धान्य आणत आणि खाली ठाणे-उरणच्या आगरांतले मीठ भरून नेत. कोकणात पिकणारा भात खाली कल्याणला जाई. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर कल्याणच्या भातसडीच्या धंद्याची खास नोंद घेते. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, धसई या गावांची नावे राजांच्या इतिहासात फारशी नाहीत. तिथे लढाया झाल्या नाहीत, तिथे ओझी बदलली. बंदराच्या गावाचे मुख्य काम तेच असते.

पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला याच कामावर जगलेले एक गाव आहे. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाच्या पॅसिफिक बाजूला फोन्सेकाच्या आखातात एल तिग्रे नावाचे बेट आहे, समुद्रातून उठलेला साडेसातशे मीटरहून उंच ज्वालामुखीचा सुळका. त्याच्या पायाशी अमापाला हे छोटे बंदर. १८३३ मध्ये वसले. १८४९ मध्ये इंग्रजांनी बेट काही काळ बळकावलेही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन व्यापाऱ्यांनी तिथे पेढ्या घातल्या, दुमजली लाकडी घरे बांधली. जहाजातून आलेला माल होड्यांनी मुख्य भूमीवर आणि तिथून खेचरांच्या पाठीवर डोंगर चढून तेगुसिगाल्पाला जाई. १८७६ मध्ये मार्को औरेलिओ सोतोने राष्ट्राध्यक्षपदाची घोषणा केली तीही राजधानीत जाऊन नव्हे, या बेटावरच्या बंदरात उतरून. मग १९७० च्या दशकाच्या अखेरीला मुख्य भूमीवर सान लोरेन्सोजवळ एनेकान हे नवे बंदर झाले आणि अमापालाचा धक्का रिकामा पडला. व्यापारी गेले, घरांचे रंग उडाले. आज तिथले लोक मासेमारी करतात, काळे शिंपले काढतात, आणि ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मुख्य भूमीवरून हजारो माणसे होड्या भरभरून बेटावर येतात.

अमापालाचा माल ज्या राजधानीला जाई त्या तेगुसिगाल्पाला आजवर रेल्वे पोहोचलेली नाही. मुरबाडकरांना हे वाक्य ओळखीचे वाटेल.

रेल्वे आली ती शहापूरला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात ती कल्याणला पोहोचली, १८५५ च्या ऑक्टोबरात वासिंदला. मग भातसा नदीच्या आणि डोंगराच्या अडचणी आल्या. आसनगाव गाठायला फेब्रुवारी १८६० उजाडले, कसारा जानेवारी १८६१ आणि थळघाट चढून इगतपुरी १ जानेवारी १८६५. या बारा वर्षांत दोन शेजारी तालुक्यांच्या वाटा फुटल्या. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही आगगाडीच्या वेळापत्रकावर जगणारी गावे झाली; घाटावरचा कापूस आणि धान्य थळघाटाच्या बोगद्यांतून थेट मुंबईच्या गोदीत जाऊ लागले. नाणेघाटाच्या पायऱ्यांवर गवत उगवले. पुढे माळशेजातून मोटाररस्ता झाला, ओतूर-आळेफाट्याचा भाजीपाला रात्रीच्या टेम्पोंनी कल्याणच्या बाजार समितीत उतरू लागला. पण मुरबाडला कुणी थांबावे अशी सक्ती उरली नाही. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी निवडणुकांइतकीच नियमित आहे.

व्यापार गेला तरी त्याने लावलेला पंचांगाचा क्रम राहिला, आणि तो पाहायचा असेल तर पौष पौर्णिमेला म्हशाला जावे.

म्हसे हे मुरबाडच्या दक्षिणेचे गाव. तिथला म्हसोबा, म्हणजेच खांबलिंगेश्वर, याची जत्रा पौर्णिमेला सुरू होते आणि पुढे कित्येक दिवस चालते. नवस, गुलाल, पाळणे, तमाशाचे फड, भांड्यांची दुकाने, शेव-खाजाचे ढीग, हे कुठल्याही मोठ्या जत्रेत असते. म्हशाचे खरे वैभव बाजूच्या मोकळ्या रानात: बैलांचा बाजार आणि घोंगड्यांचा बाजार. ठाणे, रायगड, पुणे, नाशिक, नगर, सगळीकडची जनावरे इथे येतात. शिंगांना रंग, गळ्यात नवी घाटी. दात पाहणे, खूर पाहणे, चालवून पाहणे, आणि मग उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा. शेजारी वेसण, कासरे, घुंगुरमाळा, चाबूक. अलीकडे घोंगड्यांची जोडी लावणारे धनगर.

हे सारे पौषातच का? शेतकऱ्याला विचारले तर तो देवाची तिथी सांगेल. देवाने तिथी फार सोयीची निवडली आहे. भात झोडून, विकून हातात पैसा आलेला असतो. घाटाच्या वाटा कोरड्या असतात, ओढ्यांना उतार असतो, मात्र जनावरांना वाटेत प्यायला पाणी अजून असते. नांगराचे काम पावसाळ्यापर्यंत नाही, तेव्हा म्हातारा बैल विकून नवा बांधायला आणि त्याला हाताखाली घ्यायला चार महिने मिळतात. दिवाळीनंतर घाट उतरलेले धनगर मेंढरे घेऊन खाली असतात. कापून झालेल्या भातखाचरांत मेंढरे बसवून शेतकरी खत मिळवतो आणि धनगराला धान्य मिळते. घोंगडी विणणारा आणि पावसात ती पांघरणारा यांची गाठ पडायला याहून चांगला महिना नाही. घाटावर लोकर, घाटाखाली पाऊस. जत्रा मध्ये भरते.

देवही तसाच दोन्हीकडचा आहे. म्हसोबा हा दख्खनच्या पठारावरचा, गुराख्यांचा आणि शेतकऱ्यांचा, शेंदूर फासलेला देव. दामोदर कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या १९६२ च्या पुस्तकात असे देव चौरस्त्यांवर, खिंडींच्या तोंडाशी आणि धनगरांच्या हंगामी वाटांवर कसे सापडतात हे पायी हिंडून दाखवले. बौद्ध लेणीही त्याच वाटांवर कोरली गेली असे त्यांचे म्हणणे. घाटाखालच्या म्हसोबाला खांबलिंगेश्वर हे शैव नाव मिळाले आहे आणि त्याच्यापुढे कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी, धनगर सगळे येतात. म्हशाच्या जत्रेची दुसरी ओळख ‘गळाची जत्रा’. पाठीत लोखंडी गळ टोचून घेऊन नवस फेडण्याची ही रीत. घाटावर बगाड म्हणतात ती याच कुळातली. देहाला असे छळणे अनेकांना अघोरी वाटते आणि तसे वाटण्यात काही चूक नाही. रीत कुठून आली हे पाहताना मात्र ती रानातल्या एकाकी टोळीची मानू नये. ती पठारभर पसरलेली होती आणि माणसांबरोबरच खाली उतरली.

बैलबाजाराला अलीकडच्या वर्षांत एका वेगळ्याच दिशेने धक्के बसले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना बंदी केली आणि शर्यतीच्या खोंडांना गिऱ्हाईक राहिले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि खोंडांचे भाव पुन्हा चढले. नांगरटीच्या बैलाचे तसे झाले नाही. भातखाचरात पॉवर टिलर फिरतो आणि बैल दारात बांधणे परवडत नाही. म्हणजे जत्रेतला उमदा बैल आता शेतासाठी कमी आणि छकड्यासाठी जास्त विकला जातो. परंपरा जिवंत आहे असे म्हणताना ती कशावर जिवंत आहे हेही पाहावे.

पैशाचेच पाहा. नाणेघाटाखालच्या याच तालुक्यात धसई हे बाजाराचे गाव. नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी ते महाराष्ट्रातले पहिले ‘कॅशलेस’ गाव म्हणून जाहीर झाले. वडापावच्या गाडीवरही कार्ड घासायचे यंत्र आले, छायाचित्रे छापून आली. उत्साह पुढे ओसरला, रोकड परतली. त्याच वर्षी ८ मार्चला फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेतलेल्या साठीपुढच्या बायांची. धसईच्या यंत्रांपेक्षा या शाळेने जास्त तग धरला. आपले नाव आपल्या हाताने लिहिण्याची हौस सरकारी घोषणेपेक्षा चिवट निघाली.

बंदर नुसते देत नाही, ओढूनही घेते. माहुलीच्या परिसरातली तानसा नदी अडवून १८९२ मध्ये मुंबईला पाणी नेले. मग मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबई महापालिका दिवसाला ३,८०० दशलक्ष लिटरहून अधिक पाणी पुरवते. त्यातले निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे. सात बेटांवर वसलेले बंदर आपली तहान सह्याद्रीच्या पायथ्यावर भागवते. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो आणि बाया हंडे घेऊन त्याभोवती गर्दी करतात. तालुक्याची तहान भागवायला जी मोठी योजना आखली गेली तिचे पाणी इगतपुरीकडच्या भावली धरणातून, म्हणजे घाट उतरून, यायचे आहे. नकाशा समोर ठेवून हे समजावून सांगणे कठीण, रागावणे सोपे.

वीजही अशीच इथल्या डोंगरांवरून मुंबईकडे गेली. ‘चले जाव’च्या दिवसांत माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने नेमके तेच हेरले आणि मुंबईकडे जाणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. बंदराचे कारखाने थांबवायचे तर बंदरात जायची गरज नव्हती. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला घेरले. कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. दर वर्षी या तारखेला मुरबाड-कर्जतकडची माणसे सिद्धगडाच्या पायथ्याला जमतात. पौष पौर्णिमाही साधारण त्याच दिवसांच्या आगेमागे येते, आणि काही घरांत दोन्ही ठिकाणी जाण्याची चाल आहे.

माणसे सर्वात जास्त ओढली जातात. दिवाळी झाली, भाताची कापणी आटोपली की कातकरी आणि ठाकर कुटुंबे पातेली, कोंबड्या, पोरे घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेक वेळा लग्नासाठी किंवा दुखण्यासाठी, आणि ती फिटेपर्यंत विटा पाडायच्या. मोसमी वाऱ्यावर गलबते यावीत-जावीत तसा हा वर्षाचा फेरा आहे, फक्त त्यात नफा दुसऱ्याचा. कांबड नाच, गौरीचे नाच, वाघबारस हे सण पावसाळा ते दिवाळी या मुदतीत दाटीने येतात त्याची मुळे शेतीत आहेत. पण आज ते जपले जाण्याचे एक कारण असे की तेवढेच महिने सगळी वाडी एका जागी असते. होळीला भट्टीवरून सुट्टी घेऊन येणारे येतात. ज्यांची उचल मोठी ते येत नाहीत. वाडीवर होळीभोवती कोण नाचते आहे यावरून कुणाचे कर्ज किती ते कळते.

आता नवा घाटरस्ता झाला आहे. नागपूरहून निघालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. पावणेआठ किलोमीटरचा बोगदा कसाऱ्याचा डोंगर भेदून जातो. जो घाट चढायला आगगाडीला मागून इंजिने जोडावी लागतात तो मोटारीला काही मिनिटांचा झाला आहे. रस्ता शहापूर तालुक्यातून जातो. कडेला कुंपण आहे, दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे, बैलगाडीचा प्रश्नच नाही. चढायचे-उतरायचे ते ठरलेल्या फाट्यांवर.

ही वाट घाटाखाली कुठेही थांबायची गरज ठेवत नाही. रेल्वेला कसाऱ्याला जोड-इंजिनासाठी थांबावे लागते आणि त्या थांबण्यावर चहावाले, करवंदे-जांभळांचे वाटे विकणाऱ्या ठाकर बाया, वडेवाले जगले. आग्रा रोडवर खर्डी-कसाऱ्याच्या धाब्यांनी ट्रकवाल्यांच्या दोन पिढ्यांना जेवू घातले. समृद्धीच्या फाट्यांजवळ जमिनींचे भाव चढले आहेत, गोदामांच्या पाट्या लागल्या आहेत, आणि भातखाचरे विकलेल्या घरांतले तरुण त्या गोदामांत सामान उतरवण्याच्या पाळ्या करू लागले आहेत. आग्रा रोडवरच्या धाब्यांत रात्री किती टेबले भरतात हे खर्डीचे लोक रोज पाहत आहेत, आणि काहींनी फाट्याकडे जागा शोधायला सुरुवात केली आहे.